आईच्या गाठीची तपासणी, तिची फाइल आणि संमतीपत्रावरची सही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या ५८ वर्षांच्या आईला अंडाशयाचा कॅन्सर आहे आणि केमोथेरपीच्या दोन फेऱ्या झाल्या आहेत. आता डॉक्टरांनी गाठीची जनुकीय तपासणी करायला सांगितली आहे. तपासणीच्या अर्जासोबत नऊ पानांचे इंग्रजी संमतीपत्र हातात आले असून त्यात केस पेपर, स्कॅन, तपासणीचे निकाल आणि गाठीचा उरलेला तुकडा संशोधनासाठी व ‘भागीदार संस्थांना’ देण्यास मान्यता मागितली आहे. आईला ‘पोटात गाठ आहे’ एवढेच सांगितलेले आहे. त्यामुळे सही आपण केली तर चालेल का, आणि मुळात ती करावी का, असे आपण विचारता.

मी कॅन्सरच्या गाठींचे निदान करणारा पॅथॉलॉजिस्ट आहे. बावीस वर्षे हे काम केले असून त्यातील बराच काळ रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर अशी संमतीपत्रे तपासण्यात गेला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: आपली सही चालणार नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘करावी, पण सगळ्या पानांवर नाही’ असे आहे आणि ते समजावून सांगायला थोडा वेळ लागेल.

आधी सहीचा मुद्दा घेऊ. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या व्यक्तीच्या वतीने तिचा मुलगा, नवरा किंवा भाऊ संमती देऊ शकत नाही. नातेवाइकांच्या सहीची आपल्याकडे इतकी सवय झाली आहे की ही गोष्ट अनेक रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांनाही नवी वाटते. सर्वोच्च न्यायालयासमोर २००८ साली निकाली निघालेल्या एका खटल्यात रुग्ण ४४ वर्षांची स्त्री होती. तिने केवळ दुर्बिणीतून तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. तातडीने जीव वाचवण्याचा प्रसंग नसताना सज्ञान मुलीच्या वतीने आईने दिलेली ही परवानगी न्यायालयाने ग्राह्य मानली नाही. आईला मुलीसाठी सही करता येत नसेल, तर मुलाला आईसाठी कशी करता येईल? आई निरक्षर असेल किंवा तिला वाचणे जमत नसेल, तर मजकूर तिला वाचून दाखवायचा, तिने अंगठा द्यायचा आणि संशोधन करणाऱ्या चमूशी संबंध नसलेल्या निःपक्ष साक्षीदाराने त्यावर सही करायची, अशी रीत आहे.

खरी अडचण याच्या पुढे आहे. जिला आपल्याला कॅन्सर आहे हेच माहीत नाही, ती कॅन्सरची माहिती संशोधनाला देण्यास संमती कशी देणार? आईला न सांगता तिची सही घेतली, तर ती फक्त कागदावर शाई असेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की माहिती समजेल अशा भाषेत द्यावी, विचार करायला वेळ द्यावा आणि समोरच्याला ती खरोखर कळली का याची खात्री करावी. ‘पोटात गाठ’ एवढ्यावर ही खात्री कोणालाच करता येणार नाही.

मी आपल्याला दोष देत नाही. माझ्या स्वतःच्या घरी माझ्या मावशीच्या बाबतीत आम्ही हेच केले होते, आणि मी तेव्हा याच व्यवसायात होतो. आठ महिने आम्ही कुजबुजत राहिलो. नंतर कळले की पहिल्या आठवड्यातच तिने रुग्णालयाच्या दारावरची पाटी वाचली होती आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून तीच गप्प राहिली होती. केमोच्या खुर्चीवर शेजारी बसलेल्या बायका एकमेकींशी बोलतात, केस गळतात, परिचारिका नकळत शब्द उच्चारते. आपल्या आईला किती माहीत आहे हे एकदा तिलाच विचारून पाहा. “आई, डॉक्टर तुझ्या आजाराबद्दल काय म्हणाले असं तुला वाटतं?” असा उघडा प्रश्न पुरेसा असतो. पुढचे बोलणे डॉक्टरांनी किंवा समुपदेशकाने करावे, आपण जवळ बसावे. तिने स्पष्टपणे “मला काही जाणून घ्यायचं नाही, तुम्ही बघा” असे सांगितले, तर तिचा तोही अधिकार आहे. उपचार चालू राहतील. मात्र अशा वेळी संशोधनाचे पान कोरे सोडायचे.

संशोधनाला नकार दिला म्हणून उपचारात काहीही कमी होता कामा नये, आणि संमतीपत्रात हे वाक्य असणे बंधनकारक आहे. ते सापडले नाही तर तेवढ्याच कारणाने कागद परत करा.

आता त्या नऊ पानांत काय असते ते पाहू. बहुतेक संमतीपत्रांत तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच सहीखाली बांधलेल्या असतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे तपासणी. ती आईच्या उपचारासाठी आहे. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये बीआरसीए या जनुकांत बिघाड आढळला तर ओलापारिबसारखे औषध केमोनंतर देण्याचा विचार करता येतो. तेव्हा तपासणीला संमती द्यावी असेच मी म्हणेन. दुसरी गोष्ट म्हणजे उपचारासाठीच लागणारी देवाणघेवाण: ट्यूमर बोर्डातले, म्हणजे एकत्र बसून रुग्णाचा उपचार ठरवणारे डॉक्टर, दुसरे मत देणारे रुग्णालय, किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्च मंजूर करून घ्यायचा असेल तर आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाने, अपलोड केलेले बायोप्सीचे रिपोर्ट आणि स्कॅन. याशिवाय गाडी पुढे जात नाही. तिसरी गोष्ट म्हणजे फाइलमधली माहिती, अर्थात वय, कॅन्सरचा टप्पा, दिलेली औषधे आणि त्यांचा परिणाम संशोधनासाठी देणे. चौथी म्हणजे ब्लॉकमधला, म्हणजे गाठीचा नमुना ज्या मेणाच्या ठोकळ्यात बसवून जपतात त्यातला, उरलेला तुकडा आणि त्यातून वाचलेली जनुकीय माहिती कुठल्या तरी संग्रहात ठेवणे आणि इतरांना वापरू देणे. पहिल्या दोन गोष्टींना ‘हो’ म्हणणारा माणूस पुढच्या दोहोंना ‘नाही’ म्हणू शकला पाहिजे. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत टप्प्याटप्प्याने निवड करू देणाऱ्या संमतीचा प्रकार स्पष्टपणे दिलेला आहे. म्हणून प्रत्येक बाबीपुढे हो-नाहीचा वेगळा चौकोन आहे का ते पाहा. नसेल तर नको असलेल्या परिच्छेदावर रेघ ओढून आईने तिथे आद्याक्षरे करावीत आणि त्याची झेरॉक्स आपल्याकडे ठेवावी. काउंटरवरचा कर्मचारी “असं चालत नाही” म्हणेल. त्याला संशोधन समन्वयकाला बोलवायला सांगा.

कॅन्सर नोंदणी ही यातून वेगळी बाब आहे, तिची भीती बाळगू नये. मुंबईत १९६३ पासून इंडियन कॅन्सर सोसायटीने लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू केली आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन माणसे शोधत. कोणत्या भागात कोणता कॅन्सर किती होतो हे आपल्याला माहीत आहे ते अशा कामामुळे. तिथे नाव-पत्ता लागतो, कारण एकच रुग्ण तीन रुग्णालयांत गेला तर तीनदा मोजला जाऊ नये. पण बाहेर येतात ते आकडे.

चौथ्या बाबीवर मात्र थांबायला हवे. गाठीची जनुकीय तपासणी म्हणजे फक्त गाठीची तपासणी, असा समज असतो आणि तो अर्धाच खरा आहे. गाठीतल्या पेशींमध्ये दोन प्रकारचे बदल सापडतात. काही बदल त्या गाठीतच, आयुष्याच्या ओघात झालेले असतात; ते रुग्णासोबत संपतात. दुसरे बदल जन्मापासून शरीराच्या प्रत्येक पेशीत असतात आणि आईवडिलांकडून आलेले असतात. अंडाशयाच्या गाठीत बीआरसीएचा दोष दिसला, तर निम्म्याहून अधिक वेळा तो या दुसऱ्या प्रकारचा निघतो. खात्रीसाठी रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. दोष जन्मजात ठरला तर आपल्यात आणि आपल्या बहिणीत तो असण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के असते. बहिणीसाठी याचा अर्थ स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा वाढलेला धोका. आपल्यासाठी प्रोस्टेटचा, आणि क्वचित पुरुषांनाही होणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरचा. म्हणजे सही आईची असली तरी माहिती साऱ्या भावंडांची आहे.

यावरून मी असे म्हणत नाही की आपण किंवा बहिणीने आईला अडवावे. निर्णय तिचाच. पण संमतीपत्रात तीन गोष्टी शोधा. जन्मजात दोष सापडला तर तो कळवला जाणार आहे का? कळवायचा तर कोणाला, आईलाच की घरच्या कोणा एकाला? आणि कळवण्याआधी जनुकीय समुपदेशकाशी बोलण्याची सोय आहे का? संशोधनासाठी झालेल्या तपासण्यांचे निकाल अनेकदा रुग्णाला कळवलेच जात नाहीत, कारण त्या प्रयोगशाळेची पद्धत उपचारासाठी प्रमाणित केलेली नसते. हे कारण योग्य आहे. पण ‘कळवणार नाही’ असे लिहिलेले हवे, म्हणजे घरचे वर्षभर फोनची वाट पाहत बसणार नाहीत.

‘आपली ओळख काढून टाकली जाईल’ हे वाक्य प्रत्येक संमतीपत्रात असते. त्याचे दोन अर्थ होतात आणि कोणता आहे ते विचारून घ्यावे. एका पद्धतीत नावाच्या जागी क्रमांक घालतात आणि क्रमांकाची किल्ली रुग्णालयाकडे कुलुपात राहते. दुसऱ्या पद्धतीत किल्लीच नष्ट करतात. दुसरी जास्त सुरक्षित वाटते, पण तिची किंमत आहे: पुढे काही उपयोगाचे सापडले तरी आईपर्यंत पोहोचण्याचा मार्ग राहत नाही आणि संमती मागे घ्यायची म्हटले तर कोणता नमुना तिचा हे कोणी सांगू शकत नाही. कॅन्सरच्या बाबतीत मी पहिल्या पद्धतीच्या बाजूने आहे, कारण उपचाराचा परिणाम पुढची पाच वर्षे जोडत गेले तरच त्या माहितीला अर्थ येतो.

जनुकीय माहितीतून ओळख पूर्णपणे पुसता येते असे मात्र मी सांगणार नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की नाव नसलेल्या जनुकीय नोंदी, सार्वजनिक वंशावळींची संकेतस्थळे, वय आणि राज्य एवढ्यावर जवळपास पन्नास लोकांची ओळख पटवता येते. आपल्याकडे अशा वंशावळींचे संग्रह फारसे नाहीत, त्यामुळे आज धोका कमी आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. ज्या संमतीपत्रात ‘शून्य धोका’ लिहिले आहे त्यावर मी समितीत नेहमी लाल शेरा मारतो. चांगल्या संग्रहात पूर्ण जनुकीय वाचन सरसकट खुले नसते. संशोधकाला अर्ज करावा लागतो, तो समितीपुढे जातो, आणि ओळख शोधण्याचा प्रयत्न करणार नाही असे लिहून द्यावे लागते.

इथे थोडे विषयांतर करतो. इतक्या वर्षांत माझ्यासमोर आलेली माहितीची गळती संगणक फोडून झालेली एकही नव्हती. एका परिषदेत दाखवलेल्या स्लाइडच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव तसेच राहिले होते आणि सभागृहात तिच्याच गावचा डॉक्टर बसला होता. दुसरीकडे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कोणाच्या ओळखीचे चांगले डॉक्टर आहेत का’ म्हणून टाकलेला रिपोर्ट पंधरा दिवसांत मुलीच्या सासरी पोहोचला. संशोधनाच्या संमतीपत्राची बारा वेळा चिकित्सा करणारी माणसे झेरॉक्सच्या दुकानात फाइल ठेवून चहाला जातात. रिपोर्ट पाठवायचाच असेल तर ज्या डॉक्टरांना दाखवायचा त्यांनाच पाठवा, नाव झाकून.

‘भागीदार संस्था’ हा शब्द सर्वात निसरडा आहे. त्यात दुसरे सरकारी रुग्णालय येते, विद्यापीठ येते, औषध कंपनी येते आणि परदेशी प्रयोगशाळाही येते. परदेशी भागीदारीतल्या संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. ती मिळाली आहे का, असे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. कंपन्यांचे नाव आले की लोक दचकतात. माझे मत थोडे वेगळे आहे. औषधे शेवटी कंपन्याच बनवतात, आणि भारतीय स्त्रियांच्या गाठींची माहिती त्या अभ्यासांत नसेल तर आपल्या मुलींच्या पिढीला परक्या लोकसंख्येवर बेतलेले उपचार घ्यावे लागतील. अमेरिकेत २००६ साली सुरू झालेल्या कॅन्सर जीनोम ॲटलास या संशोधन प्रकल्पात ३३ प्रकारच्या कॅन्सरचे हजारो नमुने वाचले गेले, पण त्यांत बहुतांश रुग्ण युरोपीय वंशाचे होते. आयआयटी मद्रासने २०२५ च्या फेब्रुवारीत भारतीय रुग्णांच्या, मुख्यतः स्तनाच्या कॅन्सरच्या, जनुकीय माहितीचा खुला संग्रह सुरू केला. असे काम वाढायला हवे आणि ते कोणाच्या तरी आईने ‘हो’ म्हटल्याशिवाय वाढणार नाही. पण ज्याला नफा होणार त्याने तसे आधी सांगावे, एवढी अपेक्षा गैर नाही. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून न विचारता घेतलेल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढल्या, विकल्या गेल्या, आणि तिच्या वारसांचा एका कंपनीशी समझोता व्हायला २०२३ साल उजाडले. आपल्या मार्गदर्शक तत्त्वांनी नमुन्याचा आणि माहितीचा मालक रुग्णच मानला आहे. संग्रह चालवणारी संस्था फक्त राखणदार आहे. व्यापारी उपयोग झाला तर लाभात वाटा देण्याचा विचार व्हावा असेही त्यांत म्हटले आहे. संमतीपत्रात उलट ‘नमुन्यावरील सर्व हक्क मी सोडत आहे’ असे वाक्य असेल तर तेथे रेघ मारा.

कायद्याबद्दल दोन शब्द. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. त्यातील दोन तरतुदी आपल्या कामाच्या आहेत. संमती मागताना दिलेली सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय असली पाहिजे. आणि संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. मात्र संशोधन आणि सांख्यिकीच्या कामासाठी, त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दलच कोणताही निर्णय घेतला जात नसेल आणि ठरवून दिलेली मानके पाळली जात असतील, तर याच कायद्याने मोठी सूट दिली आहे. म्हणून संशोधनाच्या बाबतीत खरा पहारा एथिक्स कमिटीचा असतो. संमतीपत्राच्या शेवटी समितीच्या सदस्य-सचिवांचा फोन क्रमांक असतो. तो फोन लावा. लोक तो लावत नाहीत, आणि आम्ही समितीवाले लोकांना शंकाच नाहीत असे समजून बसतो.

संमती मागे घेतली म्हणजे सगळे पुसले जाते असे समजू नये. शिल्लक ब्लॉक परत मिळतो किंवा नष्ट करता येतो, पुढचा वापर थांबतो. पण जी माहिती आधीच एखाद्या विश्लेषणात मिसळली, ज्यावरून निबंध छापून आला, ती परत काढता येत नाही. प्रामाणिक संमतीपत्रात हे लिहिलेले असते. ब्लॉकबाबत आणखी एक काळजी घ्या: संशोधनाला तुकडा देण्यापूर्वी उपचारासाठी पुरेसा शिल्लक राहतो ना, हे पॅथॉलॉजी विभागाकडून विचारून घ्या. आजार उलटला तर पुन्हा तपासणीला हाच ब्लॉक लागतो आणि लहान बायोप्सीत तुकडा नखाएवढाही नसतो.

विम्याचीही शंका आपण काढली आहे. अमेरिकेत जनुकीय माहितीवरून आरोग्यविमा आणि नोकरी नाकारण्यास बंदी घालणारा कायदा २००८ पासून आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘जनुकीय विकार’ सरसकट वगळणारे विम्याचे कलम भेदभावाचे ठरवले, आणि विमा नियामकानेही त्याच वर्षी कंपन्यांना तशा सूचना दिल्या. संशोधन संग्रहातून विमा कंपनीकडे माहिती गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पण बहिणीने स्वतः रक्ततपासणी करून घेतली, तर विम्याच्या अर्जात त्याबद्दल विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे लागेल. म्हणून तिची पॉलिसी नसेल, तर तपासणीआधी तिने याचा विचार करावा असे मी स्पष्टपणे सांगतो.

माझी आई असती तर मी काय केले असते, असे आपण शेवटी विचारले आहे. तपासणी लगेच करून घेतली असती, कारण औषधाचा निर्णय तपासणीच्या निकालावर अवलंबून आहे. फाइलमधली माहिती क्रमांकाखाली द्यायला तिला सुचवले असते. उरलेला तुकडा आणि जनुकीय वाचन, अर्ज करून वापर देणाऱ्या संग्रहाला द्यायला ‘हो’, सरसकट खुल्या संग्रहाला ‘नाही’. जन्मजात दोष सापडला तर कळवा, या चौकोनात ‘हो’, आणि संपर्कासाठी तिच्या फोनसोबत बहिणीचाही क्रमांक. आई नसताना तो निकाल आला तर उचलणारे कोणी तरी हवे.

संशोधनाच्या सहीची घाई नसते. तपासणीच्या अर्जावर आज सही होऊ शकते आणि बाकीची पाने तिसऱ्या फेरीला नेता येतात. तोवर रुग्णालयाकडे मराठी प्रत मागा. संशोधनाला मंजुरी देताना एथिक्स कमिटी स्थानिक भाषेतली प्रतही तपासते, त्यामुळे ती बहुधा कपाटात असतेच, कोणी मागत नाही म्हणून बाहेर निघत नाही. ती आईच्या हातात द्या, आणि तिने पहिला प्रश्न विचारेपर्यंत आपण काही बोलू नका.